परमुलखीची सून आणि घरचा बंदोबस्त

परगावी नोकरीला असलेला मुलगा सुट्टीत घरी येतो, ही आपल्याकडे घटना मानली जात नाही. ती वहिवाट आहे, आणि वहिवाटीची दखल घेण्याचा प्रघात ना कचेरीत आहे, ना स्वयंपाकघरात. तो येतो, आईच्या हातचे चार घास अधिक खातो, दुपारी ओसरीवर आडवा होतो, आणि परतीचे तिकीट पक्के झाले की नाही या एकाच विषयावर वडिलांशी दोन वाक्ये बोलून निघून जातो. त्याच्या आगमनाप्रीत्यर्थ घरातला गळका नळ कोणी दुरुस्त केल्याचे ऐकिवात नाही. परंतु हाच मुलगा ज्या वर्षी “यंदा दिवाळीला हिलाही घेऊन येतो” असे कळवतो, आणि ही ‘ही’ जर परमुलखीची, गोऱ्या कातडीची आणि लग्नानंतर प्रथमच सासरी येणारी असेल, तर त्या घरातली पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट तत्काळ तहकूब होते आणि तिच्या जागी एक प्रकारचा लष्करी अंमल सुरू होतो.

मी आयुष्यभर सरकारी कारकुनी केली असल्यामुळे बडा साहेब दौऱ्यावर येणार म्हटल्यावर काय काय होते हे मला तोंडपाठ आहे. वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या कागदांना एकाएकी पाय फुटतात, भिंतींना चुना लागतो, गैरहजर माणसे हजर होतात, आणि ज्या कामाला ‘तरतूद नाही’ असा शेरा मारला गेलेला असतो त्याच कामाची तरतूद कोठून तरी रातोरात उगवते. हा चमत्कार केवळ सरकारातच घडतो अशी माझी समजूत होती. माझ्या शेजाऱ्यांच्या घरी फिनलंडची सून येणार असल्याची बातमी फुटली, आणि खाजगी क्षेत्रही या बाबतीत मागे नाही हे मला ओसरीवर बसल्या बसल्या पाहावयास मिळाले.

आमचे नागरा हे गाव गोंदियापासून बालाघाटच्या वाटेवर, दीड-दोन कोसांच्या टप्प्यात येते. गावात पुरातन शिवमंदिर आहे, महाशिवरात्रीला तेथे भाविकांची रीघ लागते, आणि सभोवार नजर पोहोचेल तेथवर धानाच्या बांध्या आहेत. दिवाळीच्या सुमारास हलका धान कापणीला आलेला असतो, जड धान अजून उभा असतो, बाजारात तलावातले शिंगाडे येऊ लागतात, आणि शेतकऱ्याच्या घरात पैसा येण्याची वार्ता असते, पैसा नसतो. अशा ऐन अडचणीच्या हंगामात, ज्यांना सारे गाव काकाजी म्हणते त्या माझ्या शेजाऱ्यांनी गवंड्याला बोलावणे पाठवले, तेव्हाच मी ओळखले की प्रकरण साधे नाही.

कारण काकाजींच्या दप्तरी काकूंचे जे अर्ज प्रलंबित होते, त्यांचा इतिहास मला शेजारधर्माने ठाऊक होता. काकूंचे गुडघे कित्येक वर्षांपासून दुखतात. खाली बसले की उठवत नाही, म्हणून न्हाणीघरात धरायला एखादा दांडा आणि संडासात बसते भांडे असावे, हा त्यांचा पहिला अर्ज. मागच्या दाराची पायरी फार उंच आहे, ती फोडून दोन करावी, हा दुसरा. आणि हिवाळ्यात पहाटे चूल पेटवून पाणी तापवणे होत नाही, तेव्हा विजेचा बंब घ्यावा, हा तिसरा. या तिन्ही अर्जांवर काकाजींचा एकच ठरीव निकाल असे : “धानाचे चुकारे हाती आले की पाहू.” चुकारे दरसाल येत, आणि दरसाल खताचे देणे, सोसायटीचे कर्ज, कुणाचे तरी लग्न यांच्या वाटेने परस्पर निघून जात, काकूंचा अर्ज पुढील हंगामाकडे वर्ग होई. काकाजी दुष्ट नव्हेत. घरातली बाई ही तक्रार करते आणि तरीही काम करते, या दोन गोष्टी त्यांनी जन्मभर एकत्र पाहिल्या असल्याने, पहिलीमुळे दुसरी थांबेल अशी शंकाच त्यांना कधी आली नाही.

सूनबाईंचा दौरा जाहीर होताच तिन्ही अर्ज एका आठवड्यात, बिनशर्त आणि बिनबोभाट मंजूर झाले. मंजुरीच्या कारणमीमांसेत काकूंचा उल्लेख कोठेही नव्हता. “थंड मुलखातली पोरगी, तिले गरम पानी लागंल,” म्हणून बंब आला; “तिले खाली बसाची सवय नसंल,” म्हणून भांडे बसले; “इलायती पायतान घालून पडली तर आपल्या माथी येईल,” म्हणून पायरी फुटली. न्हाणीघरातल्या दांड्याची तर मी समक्ष पाहणी केली. गवंड्याने पाणसळ लावून खुणा केल्या, भिंतीला चार भोके पाडली, चकचकीत पोलादी दांडा स्क्रूंनी आवळला, आणि मग काकाजींनी धोतर सावरून, दोन्ही हातांनी त्याला लोंबकळून, पाय अधांतरी करून, तो सुनेचा भार पेलण्यास समर्थ असल्याची स्वतः खातरजमा करून घेतली. काकू दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलण्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

गावानेही आपला वाटा उचलला. गल्लीच्या तोंडाशी एक दिवा होता, म्हणजे खांब होता आणि त्यावर दिव्याची जागा होती. तो कोणत्या खात्याच्या अखत्यारीत येतो हे मी येथे लिहीत नाही. इतकेच नमूद करतो की ज्या दिव्यासाठी गावकऱ्यांचे तोंडी अर्ज उदंड झाले होते, तो धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी कोणाचाही अर्ज नसताना पेटला.

मुंबईहून निघालेली विदर्भ एक्सप्रेस गोंदियाला येऊन थांबते ती थांबतेच. पुढे जाण्याचा तिला हुकूम नाही. त्या गाडीने नवरा-बायको उतरली. परदेशी नागरिक ज्याच्या घरी मुक्कामाला उतरतो, त्या यजमानाने चोवीस तासांच्या आत सरकारात तशी वर्दी द्यावी, असा आपल्याकडे नियम आहे, आणि मुलाने तो संगणकावरून निमूटपणे पाळला. परंतु हा नियम करणाऱ्यांनी नागऱ्यासारखे गाव पाहिले नसावे. चोवीस तास ही मुदत शहरासाठी ठीक. येथे ऑटो मंदिराच्या वळणाला पोहोचण्यापूर्वीच सूनबाईंची उंची, केसांचा रंग, हातात बांगड्या नसणे आणि पाठीवर स्वतःचे ओझे स्वतः वाहणे, या सर्व बाबींची नोंद गावदरबारी रुजू झाली होती.

सूनबाईंनी उंबऱ्याशी येताच पायातले बूट काढून बाजूला नीट जोडून ठेवले, आणि बायांचा अर्धा गड तेथेच सर झाला. फिनलंडात घरात पादत्राणे घालून वावरत नाहीत, बाहेर बर्फ आणि चिखल असतो म्हणून. परंतु जमलेल्या मंडळींनी त्याचा अर्थ ‘संस्कार’ असा लावला, आणि चिरंजीव मात्र बूट घालूनच थेट माजघरापर्यंत गेले, याचा अर्थ काय लावावा याबद्दल कोणालाही संदेह राहिला नाही.

उरलेला अर्धा गड त्यांच्या मौनाने सर झाला. फिन लोक मितभाषी म्हणून जगभर ओळखले जातात. सांगण्यासारखे काही असेल तरच बोलावे, अशी त्यांची रीत, आणि दोघांमधली शांतता हा त्यांच्या लेखी अपमान नसतो. आमच्याकडे याच्या नेमके उलट. येथे सांगण्यासारखे काही नसते तेव्हाच गप्पांना खरा रंग चढतो. तेव्हा आत्याबाई, मावशी, मामी आणि शेजारणी यांनी मिळून सूनबाईंची जी साग्रसंगीत जबानी घेतली, तिच्यात प्रश्नांचा पाऊस एकीकडून पडला आणि दुसरीकडून एक मंद स्मित तेवढे मिळाले. दुसऱ्या कोणत्याही सुनेचे हे मौन ‘आखडू’ म्हणून नोंदले गेले असते. परंतु विलायती सून फडाफडा बोलणार, उलट उत्तरे देणार, सासूला नावाने हाका मारणार, अशी सर्वांची तयारी झालेली असल्यामुळे या अनपेक्षित शांततेने मंडळी विरघळून गेली. “काही म्हना, पोरगी खानदानी आहे,” असा निकाल आत्याबाईंनी दिला, आणि आत्याबाईंच्या निकालावर आमच्या पंचक्रोशीत अपील चालत नाही.

या सर्व धामधुमीत घरातली एकच व्यक्ती निर्धास्त होती : काकाजींची आई. या आजी नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत आणि त्यांचे माहेर बालाघाटकडचे. त्या लग्न होऊन नागऱ्यात आल्या तेव्हा सासर आणि माहेर दोन्ही मध्य प्रदेशातच होते आणि दोन्हींचा कारभार नागपुराहून चालत असे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले, त्या राज्याची राजधानी भोपाळला गेली, आणि आजी चुलीपुढून न उठता परराज्यातली सून झाल्या. सन १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, आणि घर न बदलता पत्ता बदलण्याचा त्यांचा अनुभव वाढतच गेला. त्यामुळे मुलखामुलखांतल्या सीमांविषयी त्यांच्या मनात फारसा आदर नाही. सुनेला जवळ बसवून, तिचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, “मी बी परराज्यातलीच आहो, माय. पहिलं साल जड जाते. मंग तेच लोकं आपल्याले जड होतात.”

मग आजींनी तो प्रश्न विचारला जो आमच्या मुलखात माणसाची अखेरची पारख मानला जातो : “तुमच्याकडे भात खातेत काय वो?” गोंदिया ही तांदळाच्या गिरण्यांची नगरी, भात न खाणाऱ्या मनुष्याविषयी येथे द्वेष नसतो, करुणा असते. सूनबाईंनी नवऱ्याच्या मध्यस्थीने सांगितले, की फिनलंडात भात पिकत नाही, पण नाताळच्या सकाळी घरोघर तांदूळ दुधात मंद आचेवर शिजवतात, वर साखर आणि दालचिनीची पूड घालतात, पातेल्यात एकच बदाम टाकतात, आणि तो ज्याच्या वाट्याला येईल त्याला वर्षभर भाग्य लाभते असे मानतात. आजींनी क्षणभर विचार केला आणि फिनलंड देशाला आपल्या बिरादरीत दाखल करून घेतले. “म्हंजे सणाले खीर करतेत. मंग आपलेच लोकं आहेत,” त्या म्हणाल्या, मात्र एवढ्या पातेल्यात एकच बदाम टाकणे हे गरिबीचे लक्षण समजून, त्यांनी संध्याकाळी चिन्नोर तांदळाची जी खीर करविली, तिच्यात बदाम इतके होते की भाग्यापासून वंचित राहण्याची मुभा घरात कोणालाच उरली नाही.

जेवणाच्या बाबतीत काकाजींनी आधीच फर्मान काढले होते : तिखट निम्मे, तेल निम्मे, मीठ बेताचे. हेच तिन्ही हुकूम काकाजींच्या रक्तदाबासाठी डॉक्टरांनी पूर्वी दिलेले होते आणि काकाजींनी ते डॉक्टरांच्या अननुभवाचे द्योतक म्हणून फेटाळले होते. आता सुनेच्या नावाने त्यांची कडक तामिली झाली, आणि पथ्य न म्हणता पाळलेले पथ्य काकाजींना मानवले. बंबाचीही हीच गत. ज्यांच्यासाठी तो आणला त्या सूनबाई अशा देशातल्या, जेथे सुमारे ५५ लाख लोकवस्तीला ३० लाखांच्या घरात वाफेची स्नानगृहे आहेत, आणि जेथे त्या वाफेतून निघालेली धडधाकट माणसे गोठलेल्या तळ्याला भोक पाडून त्यात हौसेने उडी घेतात. कार्तिकातले नागऱ्याचे गारठलेले विहिरीचे पाणी त्यांनी दोन बादल्या अंगावर घेतले आणि आनंदाने आणखी मागितले. बंब तापलेला होताच. वीज फुकट जाऊ नये म्हणून काकूंनी गुडघे शेकले.

पाडव्याला गोवारी मंडळींनी गाई सजवून वाजतगाजत शेणाच्या गोधनावरून नेल्या, भाऊबीज झाली, आणि आमच्या झाडीपट्टीचा खरा सण म्हणजे मंडई सुरू झाली. गावोगावची मंडई निरनिराळ्या दिवशी असते, त्यामुळे पाहुणा एकदा हाती लागला की त्याला फिरवण्यास पुष्कळ अवकाश मिळतो. सूनबाईंनी दंडार हे लोकनाट्य पाहिले आणि झाडीपट्टीचे एक नाटकही पाहिले. हे नाटक रात्री जेवणे आटोपल्यावर उभे राहते आणि कोंबडा आरवल्यावर बसते. मुंबई-पुण्याचा प्रेक्षक पहिल्या दोन अंकांत घड्याळ पाहू लागतो. ज्या देशाच्या उत्तर टोकाला हिवाळ्यात दीड महिन्याहून अधिक काळ सूर्य उगवतच नाही, तेथील प्रेक्षकाला मात्र एक रात्र ही काही मोठी गोष्ट नव्हे. सूनबाई पहाटेपर्यंत ताठ बसून होत्या. चिरंजीव मध्यरात्रीच मामाच्या खांद्यावर कलंडले होते.

एके सकाळी सूनबाईंनी सारस पाहण्याची इच्छा प्रकट केली. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते जवळजवळ सारे आमच्या जिल्ह्यात, तेही मूठभर. परसवाडा, झिलमिली येथील तलावांच्या आणि वैनगंगेच्या काठच्या धानाच्या बांध्यांत ते जोडीने वावरतात. फिनलंड तर लाखावर तळ्यांचा देश, आणि उन्हाळ्यात सारसाचेच भाऊबंद तेथे घरटी करतात; तेव्हा दोघींनी, म्हणजे सूनबाईंनी आणि सारसिणीने, निवांतपणे एकमेकींना पाहावे हे उचितच होते. परंतु पाहुणीबरोबर काकाजी निघाले, काकाजींबरोबर भाचे निघाले, भाच्यांबरोबर त्यांचे मित्र, आणि सूनबाई सारस कशा पाहतात हे पाहण्यासाठी अर्धी गल्ली निघाली. हा जमाव बांधावर चढताना पाहताच त्या सुज्ञ पक्ष्यांच्या जोडीने पंख पसरले आणि कोणत्याही परवान्याशिवाय वैनगंगा ओलांडून मध्य प्रदेशात प्रयाण केले.

संध्याकाळी ओसरीवर कोणीतरी विचारले, की आपल्या विदर्भात अशी गोरी सून पूर्वी कधी आली होती काय. मी वर्ध्याच्या डॉक्टर पांडुरंग खानखोजे यांची हकीकत सांगितली. इंग्रजी अंमलात देशांतराला गेलेले हे क्रांतिकारक मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ झाले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले, दिएगो रिवेरासारख्या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले, आणि १९३६ मध्ये जान सिंडिक या बेल्जियन तरुणीशी त्यांचा विवाह झाला. पुढे देश स्वतंत्र झाला आणि त्यांनी मायभूमीला परतण्याची परवानगी मागितली, तेव्हा इंग्रजांनी काळ्या यादीत घातलेले त्यांचे नाव आपल्या दप्तरातून अद्याप खोडले गेले नव्हते, म्हणून ती प्रथम नाकारली गेली. अखेरीस खानखोजे नागपुरास आले, आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. मंडळी सुनेची गोष्ट ऐकायला बसली होती. परंतु या हकीकतीत सरकारदरबारी अडवला गेला तो घरचा मुलगाच.

आमच्या गल्लीतही तसेच काहीसे चालले होते. सूनबाई आजींबरोबर सारवलेल्या अंगणात मांडी घालून शिंगाडे सोलत होत्या. चिरंजीवांना मांडी घालवत नव्हती, डास सोसवत नव्हते, बाटलीबंद पाण्याखेरीज पाणी चालत नव्हते, आणि कोंबड्याच्या आरवण्याविरुद्ध त्यांनी दोनदा तक्रार नोंदवली होती. परंतु त्यांच्या सोयीसाठी कोणी काही दुरुस्त केले नाही. घरच्या माणसाला सोय लागते हे घराला पटवून द्यायचे असेल, तर त्याने निदान दुसऱ्या देशात जन्म घ्यायला हवा.

यथाकाल मुक्काम संपला. चिवडा, अनारसे आणि चिन्नोर तांदूळ यांचे वजन विमानकंपनीच्या मर्यादेत बसवण्याचा आजींचा प्रयत्न निष्फळ झाला, डोळे पुसले गेले, आणि ऑटो मंदिराच्या वळणाआड गेला. दौरा संपल्यावर सरकारात जे होते तेच येथेही झाले. गल्लीचा दिवा थोड्याच दिवसांत पूर्वपदावर आला, म्हणजे विझला. काकाजींच्या ताटात मीठ परतले. परंतु काही कामे अशी असतात की ती एकदा झाली म्हणजे रद्द करण्यालाही खर्च येतो; त्यामुळे बंब राहिला, पायऱ्या दोनाच्या दोन राहिल्या, आणि न्हाणीघरातला दांडाही राहिला. त्या दांड्याला सूनबाईंनी हात लावल्याचे कोणी पाहिले नाही; तिशीतल्या, बर्फावरून मैलोगणती चालणाऱ्या बाईला त्याचे प्रयोजनच नव्हते. काकू मात्र तो धरून रोज उठतात, आणि अलीकडे देवळाच्या पायऱ्याही चढू लागल्या आहेत. सुनेने यातले काहीही मागितले नव्हते, आणि जिने मागितले होते तिला ते सुनेच्या नावावर मिळाले.

माझी वाचकांना एवढीच विनंती आहे. दिवाळी दरसाल येते. फिनलंडची सून प्रत्येक घराच्या नशिबी नसते. तेव्हा आपल्या घरातले जुने प्रलंबित अर्ज एकदा काढून वाचावेत, अर्जदार बाई रोज समोरच वावरत असल्यामुळे पत्ता शोधण्याचीही तसदी पडणार नाही, आणि कोणाच्या दौऱ्याची वाट न पाहता, धानाचे चुकारे येण्याआधीच, गवंड्याला बोलावणे धाडावे.